पैनगंगेवरून परत आल्यावर

पैनगंगा वर्धेला मिळते त्या जागी आम्ही दोघी पोचलो, तेव्हा एक माणूस पाण्यात ट्रॅक्टर उभा करून धूत होता. त्यानं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा चाकावरचा चिखल काढायला लागला. दोन्ही नद्यांचं पाणी सारखंच मातकट हिरवं. कुठं एक संपते आणि कुठं दुसरी सुरू होते, काही कळत नव्हतं. मी काठावर उभी राहून काहीतरी होण्याची वाट पाहत होते. रडू येईल, निदान अंगावर काटा तरी येईल, असं मनात होतं. ताईंनी चपला काढल्या, तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "झालं. त्याले फोन लाव, गाडी कुठलोक आली विचार."

'त्याले' म्हणजे माझ्या नवऱ्याला. ताई त्याची मोठी बहीण. महागावला पिठाची चक्की चालवतात. त्यांचा नवरा वारल्यावर ती विकून टाका असं सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. ताईंचा आणि माझ्या नवऱ्याचा जन्म पुसद तालुक्यातल्या पैनगंगेकाठच्या एका गावातला. ताई परकर नेसायच्या वयात असताना तिथं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. नवरा तेव्हा आईच्या कडेवर होता. एका भाऊबीजेला ताई आमच्याकडं यवतमाळला आल्या आणि ओवाळून झाल्यावर ताट खाली ठेवतच म्हणाल्या, "मी नदीनं चालत जाणार हाय. निघते तिथून, संपते तिथलोक. आपलं गाव घेऊन हे पाणी जाते कुठं, मले पाहाचं हाय."

नवऱ्यानं खूप समजावलं. मग त्याच्या लक्षात आलं की ही बाई ऐकणार नाही. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, शिवाय रजाही शिल्लक नव्हती. म्हणून तो मला म्हणाला, "तू जाय ना सोबत. एकटीले कसं सोडाव?"

मला जायचं नव्हतं. मी एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढते, ते काम मला आवडतं, आणि मैलोन्‌मैल चालण्याचा मला कधीच सोस नव्हता. पण बिनपगारी रजा घेऊन गेले. बुलडाण्याकडच्या डोंगरात नदी म्हणजे नुसती ओली रेघ होती. तिथून निघालो तेव्हा पहिले काही दिवस मी रोज संध्याकाळी फोनवर रडले. टाचांना फोड आले, पाठपिशवीच्या पट्ट्यांनी खांदे सोलले. मग कधीतरी रडणं थांबलं. नक्की कधी, ते आठवत नाही. सकाळी पाय आपोआप उचलले जायला लागले. कुणाच्या ओसरीत, कुणाच्या शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, उजाडताना पाण्याच्या कडेनं निघायचं, एवढंच. हिवाळाभर आम्ही तेवढंच केलं.

नवरा गाडी घेऊन आला. होळी तोंडावर आली होती, ऊन चढलं होतं. चालताना झाड आधी लांब दिसतं, मग सावकाश जवळ येतं, मग त्याची सावली मिळते. गाडीत झाडं अंगावर धावून यायला लागली. मारेगावच्या पुढं मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकले. नवरा पाण्याची बाटली घेऊन मागं उभा. "पित्त झालं असंल तुले," तो म्हणाला. ताई खिडकीला डोकं टेकवून गाढ झोपल्या होत्या. रात्री त्या आमच्याकडं राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं महागावला गेल्या. दुपारी फोन केला तर मागं चक्कीची घरघर. "सुरू केली का लगेच?" मी विचारलं. "तं काय पाय चेपत बसू?" त्या म्हणाल्या.

माझं मात्र काहीच सुरू होईना.

कॉलनीतल्या बायकांनी सत्कार केला. शाल, नारळ, मग प्रश्न. जेवणाचं काय केलं? आंघोळीचं काय? बाकीच्या गोष्टींचं काय? भीती नाही वाटली? माझ्याकडं सांगण्यासारख्या तीन गोष्टी तयार झाल्या होत्या: कुत्रं मागं लागलं ती, सहस्रकुंडाचा धबधबा पाहताना चष्मा पडला ती, आणि एका सरपंचानं आम्हाला निवडणुकीच्या पाहणीला आलेल्या बाया समजून शिरा खाऊ घातला ती. त्या सांगितल्या की लोक हसायचे आणि समाधानानं उठायचे. चौथ्यांदा सांगताना मला स्वतःचाच कंटाळा आला.

पहाटे जाग यायची. अंधारातच मी पांघरुणाची घडी घालायची, चप्पल शोधायची आणि मग ध्यानात यायचं की कुठं जायचं नाही. स्वयंपाकघरात जायची, तिथून बैठकीत, बैठकीतून गॅलरीत. नवरा झोपेत विचारायचा, "काय हुडकून राह्यली?" मी म्हणायची, काही नाही. खरंच काही नव्हतं.

दवाखान्यात माझी खोली सगळ्यात आतली. खिडकी नाही, जाड दार, थंड हवा, वर लाल दिवा. इतकी वर्षं मला ती खोली आवडायची. बाहेरची गडबड तिथं येत नाही. आता दार लागलं की माझाच जीव गुदमरायला लागला. पेशंटला मी म्हणायची, "छाती टेकवा, खांदे पुढं, श्वास घ्या, रोखून धरा," आणि बटण दाबून "सोडा" म्हणेपर्यंत आपणही श्वास रोखलाय हे कळायचं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात मी बाहेर जाऊन पार्किंगला फेरी मारून यायची. डॉक्टर वयस्क, शांत गृहस्थ. एकदा माझ्याकडं चष्म्यावरून पाहून म्हणाले, "तुमचा अजून मुक्काम पडला नाही वाटते."

मी कामावर चालत जायला लागले. हे सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण आमच्या गावात बाईमाणूस रोज पायी दिसलं की लोकांना चैन पडत नाही. दत्त चौकापर्यंत जाताना तीन स्कूटर थांबायच्या. "बसा ना वहिनी, सोडून देतो." नको म्हटलं की माणूस दुखावल्यासारखा व्हायचा. एकजण तर माझ्या चालीनं गाडी चालवत शेजारी शेजारी आला आणि गाडी बिघडली का, पेट्रोल संपलं का, सगळं विचारून घेतलं. आठवड्याभरात नवऱ्याला कचेरीत कुणीतरी बाजूला घेऊन विचारलं, "घरी काही झालं का हो? वहिनी पायी पायी फिरून राह्यल्या."

नवऱ्यानं ते मला हसत सांगितलं, पण त्याला ते लागलं होतं. संध्याकाळी मी जांब रोडनं बाहेर पडायची. आधी नाक्यापर्यंत, मग झाडी सुरू होते तिथपर्यंत, मग त्याच्याही पुढं. परत यायची तेव्हा त्यानं भात लावलेला असायचा आणि ताट वाढून तो तसाच बसलेला असायचा. मुलगी अमरावतीला शिकते, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. एकदा त्यानं वरण तिसऱ्यांदा गरम केलं, माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "एक विचारू का? तू घरी आली, का अजून यायचीच हाये? मले एकदा सांगून दे. मी त्या हिशोबानं राह्यतो."

मी जेवले आणि भांडी घासत बसले, स्वच्छ होती तीसुद्धा.

पुढच्या सुट्टीला मी महागावची एसटी पकडली. मनात एकच होतं: ताईंना कळेल. सगळ्या जगात मी काय म्हणतेय ते ज्यांना न सांगता कळेल अशा त्या एकट्याच. चक्कीत डबे घेऊन पाच-सात बायका रांगेत, आणि ताई पिठानं पांढऱ्या झालेल्या, भुवयासुद्धा पांढऱ्या. घरघरीवरून ओरडून त्यांनी विचारलं, "काहून आली वं? सगळं बरं हाय ना?"

"सहजच!" मी ओरडले.

"सहज कोणी महागावले येते का?"

तेवढ्यात लाइन गेली. पट्टा सावकाश फिरत थांबला आणि एकदम शांत झालं. बायका डबे टेकवून खाली बसल्या. ताईंनी मला गव्हाच्या पोत्यावर बसवलं. मी आल्या आल्या बोलायला लागले, कारण लाइन केव्हा येईल सांगता येत नव्हतं.

"ताई, वर्धा पुढं जाते. पुढं तिची प्राणहिता होते, मग गोदावरी. दिवाळीनंतर आपण संगमापासून पुढं निघू."

"कायले?"

"कायले म्हणजे? चालायला."

"मले पाहाचं होतं, मी पाहिलं. वर्धेत माहं काय हाय?"

"तुम्हाला आठवण येत नाही?"

"येते ना. पाय दुखते तवा येते."

रांगेतल्या बायका हसल्या. मला त्या हसण्याचा फार राग आला. मी म्हणाले, "मी तुमच्यासाठी आले होते, ताई. मला यायचंच नव्हतं. आणि आता तुम्ही अशा बसल्या आहात, जसं काही झालंच नाही."

ताईंचा चेहरा बदलला. "मी बोलावलं होतं का तुले? तुह्या नवऱ्यानं धाडलं. मी एकटीच जाणार होती. पहिले आठ दिवस तुले समजावता समजावता माह्या तोंडाले फेस आला. मले वाटे, हिले कुठं एसटीत बसवून द्याव अन्‌ मोकळं व्हाव." मग पदरानं तोंडावरचं पीठ पुसत, "मंग तुले गोडी लागली. चांगलं झालं. पण थे तुह्यं, वं. मले कायले ओढते त्याच्यात?"

लाइन आली. पट्टा फिरायला लागला, बायका उठल्या. ताई ओरडून काहीतरी म्हणाल्या. जेवून जा, असं असावं. मी पिशवी उचलली आणि स्टँडवर येऊन मिळेल त्या गाडीत बसले. आर्णी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. एकत्र इतकं चाललो, एका चादरीत झोपलो, आणि ही बाई मला एसटीत बसवून द्यायचा विचार करत होती!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला, माझ्या नाही, नवऱ्याच्या मोबाइलवर. "ज्वारीचं पीठ धाडलं. कंडक्टरजवळ हाय. स्टँडवर जाय." एवढंच बोलून ठेवला. आम्ही दोघं स्टँडवर गेलो. येताना पिठाची पिशवी मांडीवर, अजून कोमट. नवऱ्यानं विचारलं, "भांडल्या का तुम्ही?"

मग मी त्याला सांगितलं. भांडण सांगितलं, आणि त्याच्यामागोमाग धरणाचा दिवसही निघाला, जो मी कुणालाच सांगितला नव्हता. हिवाळ्यात धरण भरलेलं होतं. दिसण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं पाणी आणि पाणकावळे. ताई काठावर उभ्या राहून बोट दाखवत होत्या: तिथं मारुतीचं देऊळ, तिथं विहीर, तिथं आपला उकिरडा. मग गुडघाभर पाण्यात गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मी हाका मारल्या, त्यांनी ऐकल्या नाहीत. सूर्य बुडाल्यावर बाहेर आल्या आणि लुगडं पिळत म्हणाल्या, "थंड हाय." त्यानंतर संगमापर्यंत त्या गावाचं नावही त्यांनी काढलं नाही.

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. "उकिरडा आठवला तिले?" तो म्हणाला. "माह्या तं ध्यानात काहीच नाही. घर नाही, गल्ली नाही. काहीच नाही."

मे महिन्यात तो आपण होऊन म्हणाला, चल. आम्ही पहाटेच निघालो. धरणाचं पाणी खूप मागं गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात दगडांच्या ओळी उघड्या पडल्या होत्या. जोती, पायऱ्या, एका ठिकाणी उखळासारखा खोलगट दगड. नवरा गाडीतून उतरला आणि त्या ओळींमध्ये नुसता उभा राहिला. कुठली ओळ आपली हे त्याला कसं कळणार? त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि ताईंना व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, हे पाह्य."

पलीकडं घरघर चालू होती. ती बंद झाली. ताईंनी स्वतः चक्की बंद केली, लाइन असताना. मग म्हणाल्या, "फिरव. हळू फिरव. थे गोल काय दिसून राह्यलं?"

"विहीर वाटते."

"विहिरीकडं पाठ कर. आता डाव्या अंगानं जाय. अजून. अजून जाय ना बापा, तिथं पाटलाचं होतं."

नवरा दुखऱ्या गुडघ्यानं गाळ तुडवत निघाला, मोबाइल समोर धरून, आरतीचं ताट धरल्यासारखा. मी थोडी मागं होते. मला वाटलं, हे त्यांचं आहे. मी तिथं उभी राहणंसुद्धा बरोबर नाही. आणि खरं सांगायचं तर माझे पाय तिथं ठरतही नव्हते. मी पाण्याच्या कडेनं चालायला लागले. पुढं एक वळण होतं. हिवाळ्यात आम्ही तिथून वरच्या पायवाटेनं गेलो होतो, कारण खाली पाणी होतं. आता खालून जाता येत होतं. वळणापलीकडं एक म्हातारा धनगर मेंढ्यांना पाणी पाजत होता. मी त्याच्याही पुढं गेले. मागून हाक आली तेव्हा मी बरीच लांब होते. परत आले तर नवरा एका जोत्यावर बसला होता. तो म्हणाला, "हे आपलं घर," आणि बाजूला हात ठेवून मला जागा करून दिली. मी बसले. थोडा वेळ. त्याला अजून बसायचं होतं, आणि मी उठले हे त्यानं पाहिलं.

पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी विचारलं की क्षयरोगाच्या तपासणीची शिबिरं सुरू होताहेत, केळापूर आणि झरी जामणीकडच्या गावांमध्ये हातात धरायचं एक्स-रे मशीन घेऊन कुणी जाईल का. तरुण मुलींना ते नको होतं; रस्ते वाईट, यायला उशीर. मी त्यांचं बोलणं पुरं होण्याआधी हो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "घरी विचारा आधी." मी घरी सांगितलं. नवऱ्यानं विचारलं, "रोज परत येशील ना?" मी म्हणाले, रोज. "मंग ठीक हाय," तो म्हणाला.

झरीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे टेकडीजवळच्या छोट्या वस्तीवर, आम्ही शाळेच्या पडवीत मशीन लावलं. रांगेत एक बाई उभी होती, हिरव्या काचेच्या बांगड्या, कपाळावर गोंदण, हाताशी एक मुलगा. मी ओळखलं. याच वस्तीत आम्ही दोघी एकदा मुक्कामाला होतो, हिच्याच घरी. हिनं ताईंच्या पायाला तेल लावून दिलं होतं आणि आम्हाला आंबाडीची भाजी-भाकर वाढली होती. मी तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "मावशी, ओळखलं का?"

तिनं निरखून पाहिलं. "नाही बाई."

"नदीनं चालत आलो होतो आम्ही. दोघीजणी. तुमच्याकडं झोपलो होतो."

तिचा चेहरा एकदम उजळला. "थे मोठी बाई! जातं दुरुस्त करून देल्लं थ्या बाईनं! कशी हाय थे?"

"बरी आहे. मीही होते सोबत."

"असंल," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "थ्या बाईले सांगजो, जातं अजून चांगलं हाय."

मी तिच्या छातीचा एक्स-रे काढून पाहिला. फुप्फुसं स्वच्छ होती. ती निघताना म्हणाली, "अजून चालता का?"

"नाही. नोकरी आहे ना."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मुलाला घेऊन गेली.

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी प्यायला आणि पुन्हा हसला. मग ताईंना फोन लावून त्यानं जात्याचा निरोप दिला. ताई म्हणाल्या, "खुंटा ढिला होता, दुसरं काही नाही." मीही हसले. खूप दिवसांनी तिघं एकाच गोष्टीला हसलो.

दिवाळी आली आहे. संगमापासून पुढं वर्धेच्या काठानं थोडे दिवस जाऊन यायचं मनात आहे, एकटीनं. नवऱ्याला सांगितलं आहे. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. रोज संध्याकाळी फोन करायचा, एवढंच म्हणाला. मला अजून नक्की ठरवता येत नाही. कधी वाटतं जाऊ नये, कधी वाटतं आत्ताच निघावं, पिशवी न भरता. आज जेवण लवकर आटोपलं. मी ओटा पुसला, हात पुसले आणि चप्पल घातली. नवरा टीव्हीसमोर पेपर चाळत होता. "नाक्यापर्यंत जाऊन येते," मी म्हणाले. त्यानं मान न वळवता सांगितलं, "कडी घालत नाही मी. दार ढकलून ये."